प्रभुभोजनाचे दोन वाढपी

त्या सकाळी मी पाण्याच्या पाटात बसलो होतो. काठावर नव्हे, पाटात. जानेवारीचा पहिला आठवडा. धुकं असं दाट की पोलाद प्लांटची धुराडी तर सोडाच, पलीकडच्या बांधावरची, आमच्या धुऱ्यावरची तूरही दिसत नव्हती. आणि माझ्यासारखा साठी उलटलेला, नातवंडं असलेला, मंडळीचा वडील म्हणवणारा माणूस लुंगी वर खोचून गार पाण्यात बूड टेकून बसला होता. कारण एवढंच की पाट बुजवायला फावडं सापडलं नाही, आणि राग तर तिथल्या तिथे काढायचा होता.

समोर माझा चुलतभाऊ गुलाबराव उभा होता. तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत, सवडीनं.

"केवल, उठ," तो म्हणाला. "मूळव्याध होईन तुले."

"होऊ दे. आज पानी माहं हाय."

"आज माहं हाय. काल तुह्यं होतं."

"काल मी लावलीच नाई मोटर."

"नाई लावली तो तुह्या प्रश्न. नाताळाचा दिवस धरला तं आज मीच येतो."

"नाताळाले कोनीच मोटर लावली नाई. तो दिवस धराचा कावून?"

भांडणाचं मूळ हे असं होतं. प्रभूच्या जन्माच्या दिवशी आम्ही दोघंही चर्चमध्ये होतो, शेताकडे कोणी फिरकलं नाही, आणि तो दिवस पाळीत धरायचा की नाही यावर आमचं एकमत होईना. बोअर एक, मोटर एक, एक दिवस त्याचा, एक दिवस माझा. नेहरू नगरच्या मागे, हायवे ओलांडून आत आलं की आमची ही कन्हारी जमीन लागते. काळी, चिकट, एकदा पायाला धरली की चप्पल ठेवून घेणारी. आमचे बाप दोघं सख्खे भाऊ. प्लांट उभा राहत होता तेव्हा भंडाऱ्याकडून आले, मजुरीला लागले, मग नोकरीत पक्के झाले, आणि मातीची सवय सुटेना म्हणून ही शेती घेतली. आम्ही दोघांनीही प्लांटातच नोकरी केली आणि रिटायर होऊन पुन्हा कोबी लावायला आलो. पिढ्या बदलल्या, अक्कल तीच राहिली.

"तू मंडळीचा वडील कसा झाला, देवालेच मालूम," मी पाटातून म्हणालो.

"तू झाला तसाच," गुलाबराव म्हणाला.

"आजपासून तुह्या तोंडाकडं पाहनार नाई मी."

"पाहू नोको. पन उठ. थंडी वाजून राहिली तुले, दात ऐकू येऊन राहिले."

मी उठलो नाही. पाणी मात्र शहाणं निघालं. माझ्या दोन्ही बाजूंनी त्यानं वाट पाडली, धुरा फोडला आणि गाडीवाटेवर जाऊन पसरलं. त्या दिवशी ना त्याची कोबी भिजली ना माझी. भिजलो तो मी एकटा. त्या सकाळी जो खोकला लागला तो पुढं माझ्याबरोबरच राहायला आला.

आता आमच्या मंडळीचं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. आमचं चर्च लहान. पत्र्याचं छप्पर, भिंतीला निळा रंग, आत सतरंज्या आणि मागे दोन बाकं. मंडळीत वयस्क, भरवशाची माणसं निवडून त्यांना वडील म्हणतात. त्यांनी पास्टरला हातभार लावायचा. भरवशाचे म्हणून आम्हा दोघांना निवडलेलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. धरून नेलं त्या रात्री, त्याच्या थोडं आधी, प्रभू येशू शिष्यांबरोबर शेवटचा जेवला, भाकर मोडून त्यांना दिली, प्याला दिला, आणि माझी आठवण म्हणून हे करत जा असं सांगून गेला, त्याचं ते भोजन. माझी बायको पंचफुला भाकर भाजायची, मी ती ताटातून वाटायचो. गुलाबरावाची कांता काळ्या मनुका उकळून रस काढायची, तो गुलाबराव लहान लहान पेल्यांतून फिरवायचा. सगळ्यांचं झालं की शेवटी आम्ही दोघं एकमेकांना द्यायचो. मी त्याला भाकर, तो मला प्याला. वाढप्यांची पंगत शेवटी, तसंच.

आणि वाटायच्या आधी पास्टर दर वेळी बजावायचे, की आपलं मन तपासा, भावाशी वैर ठेवून या मेजाशी येऊ नका.

इतकी वर्षं ते वाक्य मला दुसऱ्यांसाठी असल्यासारखं वाटायचं. पाटात बसलो त्याच आठवड्यात प्रभुभोजनाचा रविवार आला आणि ते वाक्य माझ्या घरी आलं. मी खोकला पुढं केला आणि गोधडी ओढून घेतली.

"चर्चमधी बी खोकता येते," पंचफुला म्हणाली.

"मनात राग हाय. असं जाऊन घेतलं तं पाप लागन."

"मंग राग सोडा."

"त्यानं आधी सोडावा. पानी माहं होतं."

ती भाकरीचं फडकं उचलून एकटीच गेली. मी पडल्या पडल्या स्वतःवर खूश होतो. गुलाबराव निर्लज्जासारखा प्याले फिरवत असेल, आणि माझी रिकामी जागा सगळ्यांना माझ्या सच्चेपणाची साक्ष देत असेल, असं चित्र डोळ्यांपुढं होतं. पंचफुला परतल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय म्हने गुलाब?"

"ते बी आले नाई. त्यायले बी खोकला आला म्हने."

मला फार राग आला. खोकला माझा होता.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघंही गेलो. घरी बसलं तर दुसरा काय करतो ते दिसत नाही, हे दोघांच्याही ध्यानात आलं होतं. मागच्या दोन बाकांवर, एक या टोकाला, एक त्या टोकाला. पास्टरनं बोलावलं तेव्हा मी उठलो नाही, तोही उठला नाही. शेवटी पेटी वाजवणारा हिरालाल पेटी सोडून भाकर वाटायला उठला आणि गाणं अर्ध्यात थांबलं. ताट माझ्यापुढं आलं. मी डोळे मिटून मान हलवली. ती मान मी फार सुरेख हलवली होती. घरी दोनदा करून पाहिली होती.

वाटेत पंचफुलाला म्हणालो, "लोकायनं पाह्यलं असन."

"पाह्यलं ना. ठेल्यावरचं खाऊन दोघायचं पोट बिघडलं म्हनत होते."

दुपारी जेवायला कोबीची भाजी होती. वाटाणा घातलेली, कोवळी, गोडसर. मी दोनदा मागून घेतली आणि सहज म्हणालो, "पाहा, पान्याची एवढी ओढाताण हाय तरी आपली कोबी कशी झाली."

पंचफुला तव्यावरची पोळी उलटत होती. "आपली नाई ते. आपली तं दगडावानी झाली, सुपेल्याच्या बाजारात कोनी घेत नाई. हे कांताबाईनं देली."

"कवापासून?"

"नाताळापासून तिचीच खाऊन राहिले तुमी. मी तिले टमाटे देतो, ते मले कोबी देते. भांडन तुमचं हाय. आमाले सवड नाई."

घास तोंडात होता. थुंकावा तर बायकोपुढं शोभा, गिळावा तर गुलाबरावाचा. मी गिळला. खरं सांगायचं तर नंतर आणखी थोडी घेतली.

त्याच आठवड्यात पास्टर शेतावर आले. प्रवीण नाव. तिशीतला माणूस, नागपूरकडचा, लहानपण दुर्ग शहरात गेलेलं, म्हणून मराठी बोलता बोलता हिंदीत घसरणारा. मोटरसायकल तुरीला टेकवून ते माझ्या वाफ्यापाशी उकिडवे बसले आणि माझ्याबरोबर गवत काढू लागले. गवताबरोबर दोन रोपंही काढली, मी ती मागून पुन्हा रोवली.

"केवलरामभाऊ, प्रभुभोजन कावून सोडलं तुमी?"

"मनात राग हाय, पास्टरसाहेब. रागात घेऊ नये, तुमीच सांगता."

"मी सांगतो का राग सोडा आनि या. तुमी राग ठेवला आनि येनं सोडलं."

मी खोकलो. खोकल्याचा असा उपयोग होत असे.

"भोजन कोनाचं हाय ते?" त्यांनी विचारलं.

"प्रभूचं."

"बुलाया किसने?"

"प्रभूनं."

"फिर गुलाबरावभाऊ बीच में कहाँ से आ गए? लग्नाच्या पंगतीत तुमाले घरधन्यानं बोलावलं. तुमी बाजूच्या पानावर कोन बसलं ते पाह्यलं आनि उठून गेले. अपमान कोनाचा झाला? बाजूवाल्याचा का घरधन्याचा?"

मी हातातली माती झटकली. मग मला एक चांगलं उत्तर सुचलं. "पन मी लायक नाई ना. लायक नाई म्हनून तं बाजूले राह्यलो. हे बी एक नम्रपनाच हाय."

पास्टरांनी हातातलं गवत खाली ठेवलं. "लायक कोन हाय, भाऊ? ते भाकर म्हंजे चांगल्या वागन्याचं इनाम नाई. भुकेल्यासाठी हाय ते. त्यानं आपलं शरीर मोडून देलं, ते आपल्यात मोडतोड हाय म्हनून. सारे धडके असते तं त्याले मोडाची गरजच कायले होती? एक भाकर, आनि तिचा तुकडा ज्याच्या हातात तो तुमचा भाऊ. मग पानी कोनाचंही असो." पुन्हा गवताला हात घालत ते म्हणाले, "त्या रातीच्या जेवनात त्याले पकडून देनारा बी बसला होता. त्याले बी तुकडा भेटला."

इथं माझा चेहरा खुलला. "हेच म्हनतो मी. असा एखादा मानूस प्रत्येक मंडळीत असतेच. मी नाव घेत नाई."

पास्टर आणखी जवळ सरकले. मग हळू आवाजात म्हणाले, "प्रभूनं जवा सांगितलं का तुमच्यातलाच एक मले धोका देईन, तवा शिष्यायनं काय विचारलं, मालूम हाय? एकेकानं विचारलं, प्रभू, तो मी तं नाई? कोनी बाजूवाल्याकडं बोट केलं नाई, भाऊ."

ते उठले, पँटची माती झटकली. मी त्यांना माझी एक कोबी दिली. ती हातात तोलून बघून त्यांनी डिकीत ठेवली.

ते गेल्यावर मी बराच वेळ धुऱ्यावर बसलो. बोलणं आत कुठंतरी लागलं होतं. घरी जाऊन पंचफुलाला म्हणालो, "आज पास्टर लै चांगलं बोलले. हे गुलाबनं आयकाले पाह्यजे होतं."

"त्याच्याकडूनच इकडं आले होते ते," पंचफुला म्हणाली. "त्यायनं बी हेच म्हनलं म्हने, का हे केवलनं आयकाले पाह्यजे."

मार्च लागला. शेतातलं हिरवं पिवळं होऊ लागलं, दुपारी माती तडकू लागली. आणि ठकूबाईनं अन्न सोडलं. ठकूबाई म्हणजे गुलाबरावाची आई, माझी मोठी माय. माझी आई बांधकामावर जायची, तेव्हा मी दिवसभर तिच्याच चुलीपुढं असायचो. आता नव्वदीला टेकलेली. डोळ्यांत मोतीबिंदू, ध्यान कधी असायचं कधी नसायचं. कधी आम्हाला ओळखायची, कधी आम्ही तिच्या लेखी अजून चड्डीतले असायचो. तिच्यापासून आमचं भांडण लपवलं होतं. निदान दोन्ही घरं एकमेकांना तसं सांगत होती.

ध्यानावर असताना एकदा ती म्हणाली, मला प्रभुभोजन पाहिजे. चर्चपर्यंत तिला नेणं शक्य नव्हतं, म्हणून पास्टरनं घरीच द्यायचं ठरवलं आणि मला फोन केला. "भाकर घेऊन गुलाबरावभाऊंच्या घरी या."

"पंचफुला आनन," मी म्हणालो.

"तुमी आना," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

भर दुपारी मी फडक्यात भाकर बांधून निघालो. पुढच्या दारानं जायची हिंमत झाली नाही. गोठ्याच्या बाजूनं शिरलो आणि शेणात पाय घातला. पाय धुवायला कांतावहिनीनंच पाणी दिलं. अंगणात कधीच न भांडलेल्या दोघी जावा उभ्या होत्या. पंचफुला माझ्या आधी पोचली होती.

आत खाटेवर मोठी माय. उशाशी रसाचा पेला धरून गुलाबराव. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तोंड न बघायचा शब्द आम्ही तिथंही पाळत होतो. पास्टरनं प्रार्थना केली. त्या रात्रीची गोष्ट सांगितली, मोठ्यानं, सावकाश, तिला ऐकू जावी म्हणून. प्रभूनं भाकर घेतली, उपकार मानले, मोडली, आणि हे तुमच्यासाठी दिलेलं माझं शरीर आहे म्हणून वाटली. मग त्यांनी भाकरीचा एक तुकडा मोडून मोठ्या मायच्या तळहातावर ठेवला.

तिनं तो बोटांनी चाचपला.

"एवढंच हाय का?" तिनं विचारलं.

"हो, माय," पास्टर म्हणाले.

"पोट्टे जेवले?"

गुलाबरावानं पेला या हातातून त्या हातात घेतला.

"केवल कुठी हाय?"

"इथंच हाय, मोठी माय," मी म्हणालो, आणि त्या पाठोपाठ खोकलो.

"खोकून राहिला. उपाशी असन. इकडं ये."

मी खाटेजवळ गेलो. ती तो एवढासा तुकडा दोन्ही हातांनी मोडू लागली. बोटांत बळ नव्हतं, वेळ लागला. पास्टर पुढं झाले नाहीत. तिनं एक कपचा माझ्या हातावर ठेवला. "घे. गुलाब, तू बी घे. दोघं मिळून खा." दुसरा कपचा त्याच्या हातावर ठेवला. तिच्या तळहातावर थोडा भुरा उरला. तो तिनं तोंडात टाकला आणि समाधानानं चघळत राहिली.

लहानपणी ती असंच करायची. एक भाकर, आम्ही दोघं, आणि मग उरेल ते तिचं. इतकी वर्षं चर्चमध्ये ताट घेऊन फिरलो, कोणी किती मोठा तुकडा उचलला तेही बघत आलो. पण मोडणाऱ्याच्या वाट्याला काय उरतं, हे कधी बघितलं नव्हतं. त्या दुपारी ते तिच्या तळहातावर दिसलं आणि मान वर करवेना. तो मी तर नाही, असं विचारायचीही गरज नव्हती. मीच होतो.

तुकडा तोंडात टाकला. डोळे भरून आले असं सांगायला मला आवडलं असतं. पण झालं असं की कण घशात अडकला आणि खोकल्याची उबळ आली. थांबेचना. तोंड लाल, डोळे बाहेर. गुलाबरावानं माझ्या पाठीत धपाटे घातले. पहिले दोन उपचाराचे होते. तिसऱ्यात नाताळापासूनचं सगळं होतं. मग त्यानं हातातला पेला माझ्या तोंडाला लावला आणि लगेच दचकून पास्टरकडे बघितलं, कारण ते पाणी नव्हतं.

"द्या," पास्टर म्हणाले.

मी प्यालो. मनुकांचा रस गोड होता, थोडा कढलेला. श्वास परत आला तेव्हा पहिल्यांदा गुलाबरावाचं तोंड समोर दिसलं. त्याच्या ओठाला भाकरीचा कण चिकटला होता आणि तो रडत होता. मीही रडत होतो, खोकल्यानं म्हणा हवं तर. मग त्यानं तोच पेला मोठ्या मायच्या ओठांना लावला. ती दोन घोट प्याली आणि म्हणाली, "भाकर कोरडी हाय. कोनं भाजली?"

पंचफुला दारातच उभी होती. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

बाहेर अंगणात आम्ही दोघं उभे राहिलो. गुलाबरावानं खर्रा काढला आणि घोटू लागला.

"लै दिवसाचा खोकला हाय तुह्या," शेवटी गुलाबराव म्हणाला.

"पाटात बसल्यापासून."

"मले अजून वाटते का तो दिवस माहाच होता."

"मलेही वाटते का माहाच होता."

"असन," तो म्हणाला. "दोघायचा असन."

मग कांतावहिनी आतून आली आणि तिनं सांगितलं की मोटरच्या खोलीची चावी आजपासून तिच्याकडे आणि पंचफुलाकडे राहील, आणि पाणी कोणत्या दिवशी कोणाचं ते त्या दोघी बघतील. आम्ही दोघांनी एकदम होकार दिला. इतक्या महिन्यांत आमचं एकमत झालं ते त्या वेळी.

मोठी माय त्यानंतर जेवू लागली. संध्याकाळी उठून बसली आणि सुकटीची चटणी मागितली. पास्टर याला प्रभूची कृपा म्हणाले. डॉक्टर म्हणाला गोळ्यांमुळं. मी म्हणालो की माझ्या हातून भाकर गेली म्हणून, आणि पंचफुलानं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी उठून शेताकडे निघालो.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं पुन्हा मेजापाशी उभे होतो. हिरालाल सुटल्यासारखा पेटीवर बसला होता. पास्टरनं नेहमीचं बजावलं, मन तपासा. मी डोळे मिटले आणि तपासलं. गुलाबरावाबद्दल राग शोधला, सापडला नाही. पुन्हा शोधला, कोपऱ्याकोपऱ्यात. अजिबात नाही. वा, मला वाटलं, केवलराम, तू तर साफ झालास. या एवढ्या मंडळीत तुझ्याइतकं मोठं मन कोणाचं असेल? गुलाबरावाला तरी अजून जमलं असेल का? मी एक डोळा किलकिला करून त्याच्याकडे पाहिलं.

तोही एक डोळा उघडून माझ्याकडेच बघत होता.

मी घाईनं डोळा मिटला आणि पुन्हा पहिल्यापासून तपासायला सुरुवात केली. पास्टर थांबले, मंडळी थांबली, तरी माझं काही पुरं होईना. शेवटी होतं तसंच मन घेऊन मी ताट उचललं आणि भाकर वाटायला निघालो.